मांगूर आणि काळुंदर

धर्माआबा फार चांगला होता असं आता लोक म्हणतात. मेलेल्या माणसाला सगळेच चांगलं म्हणतात. मी त्याच्या भिंतीला भिंत लावून नऊ वर्षं काढली. तो हट्टी होता, तोंडाने फटकळ होता आणि आंघोळीचा त्याला कंटाळा होता. तरी एखाद्या गोष्टीकडे सबंध लक्ष लावून बघणारा माणूस मी तोच एक पाहिला, म्हणून लिहिते. कल्याणच्या मुलींच्या शाळेत माझ्या चार इयत्ता झाल्या आणि पुढे लग्न झालं. फार सजवून लिहिणं मला जमणार नाही.

लग्न होऊन ठाण्याच्या कोळीवाड्यात आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. माझे सासरे आणि नवरा दोघेही मिठाच्या खात्यात शिपाई. शेजारच्या घरात धर्मा तांडेल आणि त्याची बायको चांगुणा. दोन्ही घरांचं परस एकच, आणि त्या परसात एक दगडी हौद होता. धर्माआबाच्या बापाने तो गलबतांना गोडं पाणी भरून देण्यासाठी बांधला होता. आबाचा स्वतःचा मचवा होता. ठाण्याहून कल्याणला आणि कल्याणहून ठाण्याला भात, लाकूड, कौलं वाहायचा आणि जाळीही टाकायचा. आगगाडीने खाडीतला माल हळूहळू ओढून नेला. मी आले त्या वर्षी मचवा चिखलात उपडा पडला होता आणि आबा हौदाच्या कठड्यावर बसला होता. पुढची नऊ वर्षं तो तिथेच बसलेला आठवतो.

बोलताना तो माणसाकडे बघत नसे, पाण्याकडे बघे. मी नवी सून, पदर सांभाळून विचारलं, "आबा, काय बघतोस?"

"मासा."

"कोळ्यानं मासा काय बघायचा?"

"चालीस वर्सं जाली टाकली गो सूनबाय. जो मासा बगला तो मरताना बगला. जगताना कसा दिसतो मना आता कलतंय."

हौदात काळुंदराची जोडी होती. काळुंदर हा खाडीतला चपटा मासा. रंग हिरवट काळा, अंगावर उभे पट्टे आणि मोत्यासारखे ठिपके. दिसायला देवाचा, स्वभावाला सवतीचा. खाडीतून आणून एकदम गोड्या पाण्यात टाकला तर तो टिकत नाही. आबाने ती जोडी आधी खाडीच्या पाण्याच्या पिंपात ठेवली आणि रोज एक तांब्या खारं काढून एक तांब्या गोडं घातलं. रोज बोट बुडवून जिभेला लावायचा आणि सांगायचा, अजून चार दिवस, अजून दोन दिवस. महिन्याभराने मासे हौदात गेले आणि जगले.

त्या जोडीच्या हौदात मांगूर कसा आला ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

आबाला एकच मुलगा होता, नामा. मचवा बसल्यावर तो कल्याणच्या स्टेशनात हमालीला लागला. आठवडाभर तिकडे राहायचा आणि आयतवारी घरी यायचा. एका आश्विनात, शेतातलं पाणी आटताना, ठाकुर्लीच्या खाचरात त्याने हाताने मांगूर पकडला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठाण्याला आणला. मांगूर चिखलातला मासा. काळा, लांबट, बिनखवल्याचा, तोंडाभोवती आठ मिशा, कल्ल्याजवळ विषारी काटा. पाण्याबाहेर तास दोन तास सहज काढतो. नामाने तो परसात आणला तेव्हा मी भांडी घासत होते.

"आबा, याला हौदान सोड. आज आयशीनं कोंबडी केलीय. पुढल्या आयतवारी येन तवा यो खाव."

मंगळवारी कल्याणला त्याला पटकी लागली. निरोप आला तेव्हा तिकडच्या लोकांचं त्याला जाळूनही झालं होतं.

मांगूर हौदातच राहिला. तो खाल्ला की तो आयतवार येऊन गेला, असं काहीतरी आबाच्या मनात असावं.

आता काळुंदर आणि मांगूर एका हौदात म्हणजे काय ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. काळुंदर हौदाचा अर्धा भाग आपला समजे आणि मांगूर दिसला की दोघं नवराबायको मिळून त्याच्या तोंडावर जात. मांगूर दिवसभर कोपऱ्यात दबून राही आणि दिवेलागणीला बाहेर निघे. मग काळुंदराच्या शेपटीचा तुकडा जायचा. आबाने तळाशी जुनी कौलं उभी आडवी रचली होती, प्रत्येकाला आडोसा व्हावा म्हणून. काळुंदराला सकाळी भिजवलेला भात आणि शेवाळ, मांगराला संध्याकाळी दुसऱ्या टोकाला कोंबडीची आतडी. दोघांची जेवायची वेळ कधी एक होऊ दिली नाही. चांगुणाकाकी चुलीपाशी भाकरी थापताना ऐकवायची, "मेल्याच्या मिशीला तूप लाव आता! मना कवा इचारलंस, चांगुणा जेवलीस का?"

"तू भांडत नायस. भांडनाऱ्याला बगावं लागतं."

"मी भांडत नाय? थांब, दाखवताव."

भांडण फार वाढलं की आबा धोतर खोचून हौदात उतरे आणि सगळी कौलं उचलून नव्याने मांडे. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, "ही मारामारी भुकंची नाय, जाग्याची हाय. सगल्यांचा घर मोरला, की कोनाचाच कोपरा ऱ्हात नाय. मंग चार दिस नवा घर सोदन्यान जातात."

ही विद्या त्याने आमच्या घरातही चालवली. माझी आणि माझ्या मोठ्या जावेची चुलीवरून रोज वाजायची. तिची चूल खिडकीपाशी आणि माझी अंधारात, एवढंच कारण. एकदा आवाज फार चढला तेव्हा आबा भिंतीवरून माझ्या सासूला म्हणाला, "वयनी, दोगींच्या चुली फोरा. मांडनी हालवा, पाटा हालवा, पान्याची जागा बदला. कोनालाच कायपन जाग्यावर गावला नाय पायजे." सासूने खरंच तसं केलं. आठ दिवस आम्ही दोघी मिठाचा डबा शोधत होतो, भांडायला सवड नव्हती. नवव्या दिवशी जावेने मला पळी फेकून मारली. सासू ओरडली, "धर्माभावजी, तुमचा इलाज संपला!" पलीकडून आवाज आला, "परत हालवा. मी पंदरा दिसांनी हालवताव."

टेंभी नाक्याकडच्या एका वकिलाच्या कानावर हे हौदाचं प्रकरण गेलं. त्यांच्या दिवाणखान्यात चारी बाजूंनी काचेची पेटी होती, कुणा साहेबाने विलायतेला जाताना विकलेली. त्यांना तीत काळुंदराची जोडी हवी होती. आबा धुतलेली बंडी घालून पेटी बघून आला. परत आल्यावर काकीने विचारलं, काय झालं?

"मासं सगले एका कोपऱ्यान. चारी बाजूनी माणसा बगतान. मी बोललो, वकीलसायेब, भांडनारा मासा वाईट नसतो, पन पलाया जागा द्यावी लागते."

"मंग?"

"हसले. बोलले, आमच्या कोर्टात पन पलाया जागा नाय."

जोडी त्याने दिली नाही. घरात तेव्हा भाताची चणचण होती, हेही लिहून ठेवते.

नामा गेल्याला वर्ष झालं असेल तेव्हा काळुंदराने अंडी घातली. एका कौलाच्या आतल्या अंगाला, हरभऱ्याच्या डाळीएवढी नाही, त्याहून बारीक. दोघंही राखणीला. एक पंखांनी वारा घाली आणि दुसरा बाहेर फिरे, मग पाळी बदलत. पिल्लं निघाली ती डोळ्याला जेमतेम दिसत. आणि मग मी एक पाहिलं, जे आबाने मला हात धरून दाखवलं. ती पिल्लं आईबापाच्या अंगाला तोंड लावून खात होती. अंगावरचा बुळबुळीतपणा खात होती, आणि ते दोघे हलत नव्हते, उभे राहून खाऊ देत होते.

"बगलंस? आन आमी यांना टोपलीन भरून इकलं."

त्या दिवसापासून त्याने एकच धरलं. ही पिल्लं मोठी व्हायला हवीत. एक वीण, एकच, हौदात पुरी वाढायला हवी. त्याने ते वाड्यात सगळ्यांना सांगितलं. मुलगा गेल्यावर माणूस असं काही धरतो, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. समजलं असतं तरी काही करता आलं नसतं.

तिसऱ्या संध्याकाळी मांगराने पिल्लं खाल्ली. सगळी.

वाड्यातला जो तो एकच सांगू लागला, मांगूर काढ आणि शिजव. आबाने तो काढला, पण शिजवला नाही. रांजणात ठेवला. पहाटे चांगुणाकाकीला तो मोरीपाशी सापडला, धुळीने माखलेला, सरपटत निघालेला. रांजणावर पाटा ठेवला तर आत आपटून आपटून त्याने तोंड फोडून घेतलं. विहिरीत सोडायला बायकांनी साफ नकार दिला, माझ्या सासूने सगळ्यात आधी. पिण्याच्या पाण्यात मांगूर कोण घेईल? मग काळुंदराची जोडी पिंपात ठेवून पाहिली. त्यांनी पिंपात अंडी घातली आणि स्वतःच खाऊन टाकली. परत सगळे एका हौदात.

दुसरी वीण झाली तेव्हा काळुंदर आधीच सावध होते. त्यांनी मांगराला झोडपलं. आठातल्या पाच मिशा तुटल्या. मांगराला चिखलात दिसतं ते मिशीने, त्यामुळे त्याला समोरचं आतडं सापडेना. आबा रोज संध्याकाळी पाण्यात हात घालून त्याच्या तोंडापाशी घास धरायचा. काट्याने दोनदा हात सुजला, कोपरापर्यंत. आणि एवढं करून, तीन मिशांच्या त्या मांगराने चौथ्या की पाचव्या दिवशी पिल्लं गाठलीच.

त्या संध्याकाळी काकी हौदापाशी आली. ती हौदाकडे कधी येत नसे.

"धर्मा, एक कायतरी ठेव. पोरं तरी, नायतर यो तरी."

"दोनी."

"दोनी कोनाला मिलतात रं?"

मग तीच म्हणाली, "मना दे. मी शिजवताव. तू नको खाव, मी खाताव. पाप मना लागूंदे." त्याने पाण्यात हात घालून मांगराच्या तोंडापाशी घास धरला. मी भिंतीपाशी होते, मला बाजूला व्हायला हवं होतं, झाले नाही.

तिसऱ्या विणीच्या आधी त्याने जाळ्याची भिंत करायचं ठरवलं. हौदाच्या मधोमध बांबूची चौकट आणि तिला जवळ्याचं जाळं, ज्याचे डोळे इतके बारीक की पिल्लू इकडून तिकडे जाणार नाही. एका अंगाला मांगूर आणि दुसऱ्या अंगाला काळुंदर. पाणी एकच. हे आधी का सुचलं नाही असं सगळे म्हणाले. मलाही ते पटलं. नवं सूत आणून त्याने दोन महिने ते जाळं विणलं. इतकं बारीक काम त्याच्या डोळ्यांना झेपत नव्हतं. डोळे गळायचे आणि तो बाहीने पुसून पुढे विणायचा. दोन महिने मी त्याला शिव्या देताना ऐकला नाही. चांगुणाकाकीसुद्धा सूत पिळून द्यायला बसली. एकदा तर दोघं हसत होती. कशाला ते माहीत नाही.

जाळं झालं. आता कोळ्याच्या घरी नवं जाळं तसंच पाण्यात जात नाही. ऐनाच्या झाडाची साल मोठ्या हंड्यात उकळायची आणि त्या लाल काढ्यात जाळं दोन-तीन वेळा भिजवून वाळवायचं. तसं केलं नाही तर सूत महिन्याभरात कुजतं. आबाच्या बापाने तसं केलं होतं, आजाने केलं होतं. आबाने पोरवयापासून शेकडो जाळ्यांना साल दिली होती. त्याने या जाळ्यालाही दिली. नेहमीपेक्षा जास्त दिली, चांगलं टिकावं म्हणून.

तिसऱ्या विणीची अंडी फुटून चार दिवस झाले होते, आणि आबा रात्रंदिवस राखणीला होता. दुपारी त्याने चौकट हौदात बसवली. मांगूर त्या बाजूला, जोडी आणि पिल्लं या बाजूला. आम्ही बायका कठड्याभोवती उभ्या राहून बघितलं. मांगूर जाळ्याला तोंड लावून मागे फिरला. आबा म्हणाला, "झाला." रात्री तो घरात झोपला, जे तो त्या दिवसांत कधी करत नसे.

सकाळी पाणी चहासारखं होतं.

खाडीत जाळ्याचा रंग सुटतो आणि भरतीओहोटी तो घेऊन जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. हौदाला ओहोटी नाही. साल पाण्यात उतरली ती तिथेच राहिली. काळुंदर दोघे वर, तोंडं वासून, आडवे होऊ लागलेले. आबाने चौकट उपटून परसात फेकली. आम्ही सगळ्या विहिरीवर धावलो. मी, जाऊ, सासू, काकी, घागरीवर घागर. एकीने काढायचं आणि एकीने ओतायचं. जाऊ आणि मी तेव्हा एकमेकींशी बोलत नव्हतो, पण घागरी हातोहात दिल्या. पिल्लं आधीच मेली होती. ती इतकी बारीक की काढलेल्या पाण्याबरोबर परसात सांडली आणि आम्ही त्यांवरूनच ये-जा करत होतो. दुपारपर्यंत मादी मेली. नर संध्याकाळपर्यंत होता.

मांगूर मेला नाही. मांगूर वर येऊन हवा घेतो. त्याला सालीचं काहीच झालं नाही.

आबा पायरीवर बसला. काकीने पाणी दिलं ते घेतलं नाही. मग बोलला, कुणाकडे न बघता, "ओढ्यान पोरं साल ठेचून टाकतान, मासं झिंगवून धरतान. मी पन धरलेत. मना म्हाईत होता." थोड्या वेळाने परत तेच, "मना म्हाईत होता." शेजारपाजारच्या साऱ्या कोळ्यांना ते माहीत होतं. जाळ्याला साल देताना सगळ्यांनी पाहिलं होतं. एकाच्याही तोंडून शब्द निघाला नव्हता, कारण जाळं म्हटलं की साल आलीच.

मेलेली जोडी त्याने ओहोटीला खाडीत सोडून दिली. दुसरी जोडी आणायची गोष्ट त्याने काढली नाही. माझ्या नवऱ्याने एकदा पिंपात काळुंदर आणून ठेवले, जिवंत, चांगले. आबाने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाला, "वयनीला दे, कालवनाला बरं हायत." आम्ही खाल्ले.

त्यानंतर मांगूर एकटा उरला. भांडायला कुणी नव्हतं, म्हणून कौलं हलवायचं कारण उरलं नाही. कठड्यावर आबा बसे, पण आता तो पाण्याकडे बघत नसे. बोलताना माणसाकडे बघू लागला. लोकांना वाटलं तो सुधारला.

मला दिवस राहिले ते त्याच्या पुढच्या वर्षी. माझी आई मी लहान असतानाच वारली होती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. बाराव्या-तेराव्या दिवशीची गोष्ट. सकाळी पलीकडच्या घरात काकीचा आवाज चढला. आबाने मांगूर बाहेर काढून मारला होता आणि तिच्यापुढे ठेवला होता. इतकी वर्षं शिजवते शिजवते म्हणणारी ती, किंचाळून म्हणाली, "मी नाय शिजवनार! मना हात लावाया सांगू नको! उचल माज्या चुलीपासना!"

तो मांगूर ताटलीत घेऊन आमच्या दारात आला. ओल्या बाळंतिणीला आमच्याकडे मांगूर देतात, रक्त भरतं म्हणतात. सासूला म्हणाला, "वयनी, पोरीला करून घाल."

सासूने त्याच्याकडे पाहिलं, मग ताटलीकडे. "भावजी, यो नामानं आनलेला हाय ना?"

"मासा हाय. कर."

सासूने केला. माझ्या खोलीत तो आला नाही, उंबऱ्याबाहेर पाठ करून बसला. माझ्यापुढे ताट आलं तेव्हा तोंडाकडचा तुकडा वर होता आणि मिशा तिथल्या तिथे तुटलेल्या दिसत होत्या. कुणाचा तुकडा खाते आहे हे मला ठाऊक होतं. मी खाल्ला. बाळंतिणीला भूक असते आणि मासा टाकून दिला असता तर तो काही परत पोहला नसता. मांस घट्ट होतं, चिखलाचा वास थोडा होता. मी सावकाश खाल्लं, कारण तो बाहेर बसून ऐकतो आहे हे मला कळत होतं.

"संपला?" त्याने न वळता विचारलं.

"संपला, आबा."

"सगला?"

"सगळा."

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. मुलगी बघायला तो वळला नाही. आमच्या मागच्या दारातून परसात उतरून हौदावरून गेलं की त्याचं घर दहा पावलांवर होतं. तो पुढच्या दाराने रस्त्यावर गेला आणि सगळ्या वाड्याला वळसा घालून, उन्हातून, आपल्या घरी गेला.